माझ्या फायनलपायी

आमच्या गावात शाळा आली तेव्हा मी चांगली आठ-नऊ वर्षांची झाले होते. स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर शाळा भरायची. एकच मास्तर, आणि चौथीपर्यंतचे वर्ग तेच शिकवायचे. पुढे शिकायचं तर पाचोऱ्याला जावं लागे. पाचोरा आमच्या गावापासून तीन कोस. मध्ये नदी आडवी. उन्हाळ्यात तिच्या पात्रात गुरं बसायची आणि पावसाळ्यात तिच्यामुळे गाड्या अलीकडेच अडकून पडायच्या. गावातली दोन-चार मुलं चौथीनंतर पाचोऱ्याला गेली होती. मुलगी एकही गेली नव्हती.

घर एकत्र होतं. वडिलांचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, घराचा कारभार बघत. त्यांची बायको म्हणजे आमची मोठीमाय. त्यांना मूलबाळ नव्हतं. वडिलांना मी नाना म्हणे. नाना कमी बोलायचे. शेतातून आले की बैलांना पाणी दाखवायचे, स्वतः पाणी प्यायचे आणि खाटेवर बसून आढ्याकडे बघत राहायचे. आबा म्हणतील ते त्यांना मान्य असायचं. माझ्यानंतर मायला दोन मुलं झाली, ती जगली नाहीत. मग पुष्कळ वर्षांनी माझा भाऊ झाला. मी चौथीत होते तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता, आणि कुणाच्या ना कुणाच्या कडेवरच असायचा.

मायची धाकटी बहीण धुळ्याकडे दिली होती. नवऱ्यानं तिला टाकली. ती भावांच्या घरी राहायची. आम्ही आजोळी जायचो तेव्हा बघायचो, सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती खरकटी ताटं गोळा करायची, आणि भांड्याच्या तळाशी जे राहिलं असेल ते चुलीपुढं बसून खायची. तिला कुणी बोलायचं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. तिथून परत येताना माय गाडीत माझा हात घट्ट धरून बसायची.

शेजारच्या गावी एक मास्तरीणबाई बदलून आल्या होत्या. विधवा होत्या. पायात चपला, हातात छत्री, आणि गावचा पाटीलसुद्धा त्यांना "या बाई" म्हणायचा. एकदा आमच्या गावच्या विहिरीवर त्या पाणी प्यायला थांबल्या. मायनं त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि ओतता ओतताच विचारलं, ही नोकरी कशी मिळते. बाई म्हणाल्या, "सातवीची फायनल पास झालं की मिळते. तुमच्या मुलीला शिकवा ना. सरकारला बाया हव्याच आहेत."

एवढंच बोलणं झालं. बाई निघून गेल्या. पण त्या दिवसापासून मायच्या डोक्यात फायनल बसली.

मी चौथी पास झाले तेव्हा तेरावं लागलं होतं. आबांनी माझ्यासाठी भडगावकडचं एक स्थळ बघितलं होतं. घरात त्याचीच बोलणी चालली होती, आणि एक दिवस जेवताना माय एकदम म्हणाली, "तिले मी शिकाडसू. पाचोराले धाडसू."

आबांचा घास हातातच राहिला. त्यांनी नानांकडे बघितलं. नाना ताटात बघत होते.

"तुनं काय म्हननं शे?" आबांनी त्यांना विचारलं.

नाना ताटातला घास कालवत राहिले. मग मायकडे न बघताच म्हणाले, "तिले बरं वाटस ते करू द्या."

नानांनी उभ्या जन्मात आबांच्या मनाविरुद्ध एवढं एकच वाक्य उच्चारलं असेल. मला त्याचं अजून नवल वाटतं.

पाचोऱ्याला नानांची चुलतबहीण राहायची. तिच्याकडे मला ठेवायचं ठरलं. आत्याचा नवरा पेढीवर कारकून होता, घर पक्कं होतं, बोलणं शहरी. नानांनी गाडीत जोंधळ्याचं पोतं, तुरीची डाळ आणि तेलाचा डबा घातला आणि मला तिच्या दारात उतरवलं. आत्यानं मला जवळ घेतलं. "आता ही माझीच मुलगी," असं म्हणाली.

शाळा सकाळी अकराची. पहिले काही दिवस मी गेलेही. मग आत्याची तब्येत बिघडली, मग तिच्याकडे पाहुणे आले, मग तिच्या धाकट्याला खोकला झाला. नळाला पाणी यायचं ते भरायचं, धुणं, भांडी, आणि ती होईपर्यंत शाळेची घंटा वाजून गेलेली असायची. उशिरा गेलं की हेडमास्तर बाहेर उभं करायचे. वर्गात आम्ही मुली मिळून चार, आणि बाकीच्या तिघी गावातल्याच, चांगल्या घरच्या. त्यांच्यासमोर दाराबाहेर उभं राहण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं मला वाटायला लागलं. मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. नाना बाजाराच्या दिवशी यायचे, आत्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे आणि "शाळा कशी शे?" एवढं विचारून जायचे. मी "बरी शे" म्हणायची.

श्रावणात एकदा नानांऐवजी माय आली. तिनं येण्याआधी निरोप दिला नव्हता. ती सरळ मागच्या दारानं आली. मी हौदापाशी राख आणि नारळाच्या शेंडीनं आत्याचं मोठं पातेलं घासत होते. शाळेत तेव्हा दुसरा तास चालू असेल.

माय माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं माझे हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. पावसाचे दिवस, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या.

"रोज असंच का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

आत्या पदर सावरत बाहेर आली. "अगं वहिनी, तू कधी आलीस? आज जरा पाहुणे होते म्हणून मीच म्हटलं, राहू दे गं एक दिवस..."

मायनं तिच्याकडे पाठ केली. मला म्हणाली, "दप्तर ली ले. चाल."

आम्ही बाहेर पडलो. पाऊस भुरभुरत होता. मला वाटलं, आता गावी जायचं, संपली शाळा. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. पण माय गावाच्या रस्त्याला लागली नाही. ती स्टेशनकडच्या बाजूला गेली, तिथं डाळीच्या गिरणीमागे मजुरांच्या खोल्या होत्या. आमच्या गावची एक बाई तिथं राहायची, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. मायनं तिला विचारून शेजारची रिकामी खोली बघितली. पत्र्याची. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात मोरी. माय दारात उभी राहून म्हणाली, "आपन आठे ऱ्हावूत."

त्या संध्याकाळी आम्ही गावी पोचलो. माय ओसरीवर उभ्याउभ्याच सगळं बोलली. आबा ऐकत होते. ते आरडाओरडा करणारे नव्हते. आबा कधी ओरडले असते तर गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या, असं मला पुढे वाटत आलं आहे. ते अगदी शांतपणे म्हणाले, "पोर शिकाडनी व्हई ते शिकाड. तुले आठेथून जानं व्हई ते जाय. पन पोऱ्या घरना शे. तो आठेच ऱ्हाई."

माझा भाऊ तेव्हा मोठीमायच्या मांडीवर झोपला होता. मायनं नानांकडे बघितलं. नाना उठून गोठ्यात गेले.

मोठीमाय रडायला लागली. ती वाईट बाई नव्हती. तिनं मायचा हात धरला आणि म्हणाली, "नको जाऊ ना माय. पोरनं लगीन करी टाकूत. बठ्ठं बरं व्हई." माय म्हणाली, "तीन वरीस. त्याले तुम्हीन सांभाळा. मी काय जीव देवाले चालनी का? दर आठ दिनले येसू."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा भाऊ अंगणात कोंबडीच्या पिलांमागे पळत होता. त्याला कळू नये म्हणून माय मागच्या दारानं निघाली. गाडीत बसल्यावर तिनं पदर तोंडात कोंबला आणि नदी ओलांडेपर्यंत काढला नाही.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला आणि मायला जिनिंगमध्ये काम मिळालं. ढिगापुढे बायांची रांग बसायची. कापसातली कवडी, म्हणजे पिवळा, किडका, खराब कापूस, निवडून वेगळा काढायचा. माय घरी यायची तेव्हा तिचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. मी पहिल्यांदा बघून हसले. तीही हसली आणि मग तिला खोकल्याची उबळ आली. तो खोकला पुढे कायमचा जडला. हंगाम संपला की ती लोकांकडे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, लाटायला, मिरच्या कुटायला जायची. शेती असलेल्या घरातली सून दुसऱ्यांच्या दारी मिरच्या कुटते, हे आमच्या गावापर्यंत पोचायला किती वेळ लागणार? आबांनी त्यावर काहीच म्हटलं नाही. फक्त घरातून गाडीत जे धान्य यायचं ते हळूहळू कमी होत गेलं. नाना स्वतःच्या जेवणातली भाकर बांधून आणल्यासारखं थोडं काहीतरी धोतराच्या सोग्यात आणायचे.

शाळेची फी, पुस्तकं, परकर-पोलकं, हे सगळं मायनं कसं भागवलं ते मला कळलं नाही. मी विचारलं की ती म्हणायची, "तू वाच." ती स्वतः दुसरी शिकलेली. मी मोठ्यानं वाचायची आणि ती चुलीशी बसून ऐकायची. भूगोल तिला आवडायचा. इतिहासातल्या लढाया सुरू झाल्या की ती झोपून जायची.

सुरुवातीला नाना भावाला बाजाराच्या दिवशी गाडीत घालून आणायचे. तो आला की मायच्या अंगात वारं शिरायचं. त्याच्यासाठी शेव आणायची, त्याला न्हाऊ घालायची, काजळ घालायची. पण खोलीत जागा नाही, अंगण नाही, जवळच रेल्वेच्या शिट्ट्या. तो घाबरायचा आणि दुपार कलली की "घर चाल" म्हणून नानांच्या मागे लागायचा. मग पावसाळा आला. त्याला गाडीत भिजून सर्दी झाली. मोठीमायनं निरोप पाठवला, पोराला सध्या धाडत नाही. ते खरंच होतं, त्याला सर्दी झालीच होती. त्यानंतर हिवाळ्यात थंडी होती, उन्हाळ्यात ऊन. आणि दर आठ दिवसांनी येईन म्हणालेली माय, तिला जिनिंगमधून सुट्टी मिळायची नाही. सुट्टी घेतली की दुसरी बाई तिच्या जागी बसायची.

त्याला शेवटचं बघितल्याला वर्ष होत आलं तेव्हा, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गावी गेलो. सगळ्या लेकीबाळी माहेरी आल्या होत्या, झाडांना झोके बांधले होते, घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या चालल्या होत्या. माय माहेरी गेली नाही, पोराकडे आली. ओसरीवर भाऊ मोठीमायच्या पदराला धरून उभा होता. एका वर्षात पुष्कळ उंच झाला होता. मायनं हात पुढे केले.

तो पदराआड सरकला. वर तोंड करून त्यानं मोठीमायला विचारलं, "माय, हाई बाई कोन शे?"

पूर्वी तो तिला मोठीमाय म्हणायचा. त्यातलं मोठी कधी गळून गेलं कुणास ठाऊक.

मोठीमायचा चेहरा एकदम उतरला. "अरे, हाई तुनी माय शे ना रे," ती म्हणाली आणि त्याला पुढे ढकलायला लागली. तो रडायला लागला. माय म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ढकलू नका त्याले." आणि ती आत जाऊन पुरण वाटायला बसली. दिवसभर ती पाट्यापासून उठली नाही. संध्याकाळपर्यंत भाऊ माझ्याशी खेळायला लागला. माझ्याकडे त्याला काही अडचण वाटली नाही, कारण मी अक्का होते आणि अक्का त्याला दुसरी कुणी नव्हती.

सातवीत, फायनल जवळ आलेली असताना, तो आजारी पडला. मुदतीचा ताप. नाना स्वतः सांगायला आले. त्यांनी दाराशी उभं राहूनच सांगितलं आणि माय तशीच, अंगावरच्या कापसासकट, त्यांच्याबरोबर निघाली. जाताना शेजारणीला म्हणाली, पोरीकडे लक्ष ठेव, आणि मला म्हणाली, "तू पेपर सोडू नको. काही बी झालं ते सोडू नको."

त्या दिवसांत तिकडे काय झालं ते मला नानांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. भावाला तापात भान नव्हतं. खाटेच्या एका बाजूला मोठीमाय बसलेली, दुसऱ्या बाजूला माय. डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, त्या दोघी आळीपाळीनं ठेवत होत्या. मध्येच तो "माय" म्हणून हाक मारायचा आणि दोघी एकदम "ओ" द्यायच्या. मग दोघी एकमेकींकडे बघायच्या. असं काही वेळा झालं. नाना म्हणाले, नंतर नंतर तुझी माय ओ द्यायची थांबली. पट्टी तेवढी बदलायची.

ताप उतरला. त्याला शुद्ध आली तेव्हा त्यानं पाणी मागितलं. भांडं मायच्या हातात होतं. त्यानं ते तिच्या हातून घेतलं नाही. मोठीमाय परसात गेली होती, ती येईपर्यंत तो सुकलेले ओठ मिटून पडून राहिला. 

माझे पेपर संपायच्या आधीच माय परत आली. मी धावत जाऊन विचारलं, "कसा शे तो?"

"बरा शे," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली, चूल पेटवली. तवा तापल्यावर, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "त्याले आते मनी गरज नई."

मी फायनल पास झाले. जिल्ह्यात पहिली वगैरे काही नाही, साधी पास. नानांनी बाजारातून पेढे आणले. मास्तरांनी अर्ज लिहून दिला, आणि वर्ष-दीड वर्षानं पाचोरा तालुक्यातच एका खेड्यात मला नेमणूक मिळाली. ट्रेनिंगला नंतर पाठवणार होते. शाळेजवळ राहायला दोन खोल्या मिळाल्या. पुढे अंगण, शेवग्याचं झाड. माय तिथं आली आणि पहिल्या दिवशी तिनं अंगण सारवलं. मग आपण होऊन म्हणाली, "आते त्याले आठे लई येऊ."

आबांना नाही म्हणायला जागा राहू नये म्हणून भावाची चौथी संपेपर्यंत आम्ही थांबलो. आमच्या गावात अजूनही चौथीपर्यंतच शाळा होती, आणि मी होते तिथं सातवीपर्यंत झाली होती. त्याला घरच्या घरी शिकता आलं असतं. फीची काळजी नव्हती, खोलीची नव्हती, कुणाच्या मिरच्या कुटायच्या नव्हत्या. आम्ही दोघी गावी गेलो. आबा थकले होते. ते नाही म्हणाले नाहीत. मोठीमायनं स्वतः त्याचे कपडे धुऊन, घडी करून पिशवीत भरले. ती म्हणाली, "जाय भाऊ. तुनी खरी माय शे ती. तुनासाठेच लेवाले उनी."

तो म्हणाला, "माले नई जानं. मनी माय आठे शे."

तरी मोठीमायनं त्याला गाडीत बसवलं. गाडी निघाल्यावर ती घरात गेली आणि दार लावून घेतलं; आम्हाला दाराचा आवाज आला.

तो आमच्याकडे आठवडाभर राहिला. शाळेत बसायचा. गणितात हुशार होता, माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार; फळ्यावर गणित लिहून मी वळायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं. मायनं त्याच्यासाठी रोज काही ना काही गोड केलं. तो सगळं खायचा, ताट स्वच्छ करायचा, उठून हात धुवायचा. हट्ट नाही, मस्ती नाही. दहा वर्षांचं पोर इतकं शहाण्यासारखं वागतं हे बघून मला भीती वाटायची.

रविवारी सकाळी तो दिसला नाही. मी घाबरले, पण माय म्हणाली, "घर गया व्हई." मी शाळेच्या शिपायाला सायकलवर पाठवलं. तो तासाभरानं त्याला वाटेत गाठून परत आला, एकटाच. म्हणाला, "बाई, मुलगा चालत चालला आहे. मी सायकलवर बस म्हटलं तर नाही म्हणाला. रस्ता माहीत आहे म्हणे."

मी म्हटलं, "माय, मी नानांना सांगते. दोन दिवसांनी परत घेऊन येऊ. मूल आहे, रुळेल."

माय निवडायला घेतलेल्या तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही. "नको," ती म्हणाली. "एक डाव मी त्याले न सांगता सोडं. आते त्याले ओढी आनू नको."

त्याचं शिक्षण चौथीवरच थांबलं. तो आबांच्या हाताखाली औत धरायला लागला. त्याच्या डोक्यातलं गणित कापसाच्या वजनमापात आणि बैलांच्या सौद्यात खर्च झालं. लोक म्हणत, फार हिशेबी गडी आहे, कुणी फसवू शकत नाही. ते ऐकून मला कधी बरं वाटलं नाही.

एकदा हिवाळ्यात तो कापसाची गाडी घेऊन पाचोऱ्याला आला होता आणि परतताना आमच्याकडे वाट वाकडी करून आला. अंगानं भरायला लागला होता, मिसरूड अजून फुटायची होती. मोठीमायनं दिलेली तुरीची डाळ आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी त्यानं ओट्यावर ठेवल्या. मायला दम लागत होता, तरी ती उठली आणि त्याला पाट मांडून ताट वाढायला लागली. त्यानं पुढे होऊन तिच्या हातातलं ताट घेतलं.

"तुम्हीन बसा," तो म्हणाला. "मी वाढी लेस."

आमच्याकडे आईला कुणी तुम्ही म्हणत नाही. मोठीमायला तो अगं-तुगं करायचा, तिच्यावर चिडायचा, तिच्या हातून लहान पोरासारखा घास खायचा. मायला तो आदरानं बोलत होता. परक्या घरी गेल्यावर तिथल्या म्हाताऱ्या बाईशी बोलावं तसा.

माय बसली. तो जेवेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती, आणि जेवून झाल्यावर त्यानं विचारलं, खोकल्याला औषध चालू आहे का. ती म्हणाली, चालू आहे. मग तो बैल जुंपायला अंगणात गेला.